एका घराला एक माणूस

२३ मे. नाश्ता आटोपला आणि बॅग भरायला काढली. दुसऱ्या दिवशी कर्नाटकात मडिकेरीला निघायचं होतं, महिनाभरासाठी. सुट्टी नव्हे, काम. एका विमा कंपनीसाठी मी हॉस्पिटलमधून आलेले दावे तपासते आणि ते काम कुठूनही होतं. नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थिरावला. घोडबंदर रोडवर अठराव्या मजल्यावर एकटीने बसून दिवसभर खालचा ट्रॅफिक जॅम बघत काम करण्यापेक्षा मी ते हवापाणी बदलून करते.

हे मी डोंबिवलीच्या आपल्या बिल्डिंगमधून बाहेर पडलेल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. तुमच्यातले निम्मे लोक माझ्यासारखेच लॅपटॉप घेऊन फिरत असतात, तेव्हा बॅगेचं आधी सांगून टाकते. लॅपटॉप आणि चार्जर कोणीही घेतं. विसरतो तो लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड. होमस्टेवाल्यांनी प्लग नेहमी पलंगाच्या मागे बसवलेला असतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घ्यावीत, कारण मालक ‘वायफाय एकदम फास्ट आहे मॅडम’ म्हणतो तेव्हा तो स्वतः गच्चीवर उभा राहून बोलत असतो. हेडफोन, पॉवर बँक, कपडे वाळत घालायला दोरी. व्हिडिओ कॉलपुरते दोन बरे कुर्ते. मागच्या भिंतीवर पोपडे आलेले असले तर लावायला एक साधी चादर. गोळ्या महिन्याच्या, आणि वर आठवड्याच्या. एवढ्यात माझं घर मावतं आणि ते मला पाठीवर घेता येतं.

पहिल्यांदा डोंबिवली सोडली तेव्हा असलं काही ठरवावं लागलं नव्हतं. लग्न होऊन टेंभी नाक्याजवळच्या सासरी निघाले होते. खाली टॅक्सी उभी, डिकीत दोन सुटकेसा आणि रुखवतातली भांडी, आणि सगळ्या गॅलऱ्यांमधून तुमच्या आया वाकून बघत होत्या. खालचे दामले सर शाळेत पीटी शिकवायचे. त्यांनी ड्रायव्हरला रिव्हर्स घ्यायला हातवारे केले, अगदी परेडला करावेत तसे. आई रडली नाही. टॅक्सीच्या खिडकीतून डोकं आत घालून म्हणाली, “पोचलीस की खालच्या दुकानावर फोन कर. आणि दार आतून नीट लावून घेत जा.” एवढाच तिचा उपदेश. पुढे मी घोडबंदरला गेले तेव्हाही तेच म्हणाली. तिथे दाराला तीन कुलपं, खाली वॉचमन, लिफ्टला कार्ड, तरीसुद्धा तेच.

तर बॅग पलंगावर उघडी होती आणि आईचा फोन आला.

“वंदू, काय करतेस?”

“बॅग भरतेय. उद्या निघायचंय, सांगितलेलं ना.”

“हो, हो. मला एक सांग, तुझ्या त्या बॅगेत तू काय काय घेतेस गं?”

माझ्या फिरण्याला आई ‘तुझी वणवण’ म्हणते. त्यातलं सामान तिने कधी विचारलं नव्हतं.

“का? येतेस का माझ्याबरोबर?”

“छे! मी कशाला? म्हणजे समज, एखाद्या माणसाला पटकन निघायचं झालं, तर हाताशी काय असावं?”

“किती पटकन?”

 “जिना उतरायला वेळ लागतो तेवढ्यात,” ती म्हणाली. मग म्हणाली दूध उतू जातंय, आणि फोन ठेवून दिला.

आई दूध उजाडल्याबरोबर तापवते. नाश्त्यानंतर तिच्या गॅसवर दूध नसतं. मी बॅग तशीच ठेवली आणि गाडीची किल्ली घेतली.

माणकोलीच्या पुलावरून आता डोंबिवली पश्चिमेला लवकर पोचता येतं. पुलावर गाड्या जरा थांबल्या होत्या. खाली खाडीचं पाणी काळपट आणि अगदी स्थिर होतं. पलीकडे डोंबिवलीच्या इमारती एकीला एक टेकून उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. नवीन टॉवर वेगळे ओळखू येत होते. आपली बिल्डिंग त्या गर्दीत कुठे असेल ते शोधायचा प्रयत्न केला, ती दिसली नाही.

तुम्हाला आठवत असेल, पावसाळ्याच्या आधी महापालिकेची नोटीस गेटवर लागते. दरवर्षी लागते, म्हणून आपल्यापैकी कोणी ती वाचत नाही. यंदाच्या नोटिशीचा फोटो दामले सरांनी ग्रुपवर टाकला, त्यावर आपण हात जोडलेल्या खुणा पाठवल्या. मी तो मोठा करून वाचला होता. दरवर्षी ‘दुरुस्ती आवश्यक’ असायचं. यंदा ‘रिकामी करून दुरुस्ती’ असं होतं.

रिकामी का केली नाही, तेही तुम्हाला माहीत आहे. शेजारची बिल्डिंग तिथल्या लोकांनी पुनर्विकासाला रिकामी करून दिली. बिल्डरने ती पाडली आणि पुढे काही केलं नाही. तिथे आता पुरुषभर गवत आहे आणि माणसं शहाडला, बदलापूरला भाड्याने राहतात. काही तिथेच वारली. ते बघून आपल्या सोसायटीने मीटिंग घेतली. आपण सगळे व्हिडिओवर होतो. दामल्यांचा पराग जर्मनीहून, सावंतांचा संदीप पुण्याहून, मी म्हैसूरला मागे चादर लावून. ठराव झाला की करारावर सह्या होईपर्यंत ताबा सोडायचा नाही, एका घराला एक माणूस राहीलच. सगळ्यांनी स्क्रीनवर हात वर केले. प्रत्येक घरात एक माणूस होताच. कोणाची आई, कोणाचे वडील.

यात आपल्याला वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आमच्या राजापूरकडच्या घरी सगळे मुंबईला आले तेव्हा थोरले काका मागे राहिले, घर राखायला. संध्याकाळी दिवा लावायला एक माणूस पाहिजे, असं बाबा म्हणायचे. गावातल्या प्रत्येक घरात असा एक जण असायचा आणि बाकीचे निर्धास्तपणे मनीऑर्डर पाठवायचे. पण गावचं घर बसकं होतं आणि त्याच्या छपरावर मातीचे नळे होते. आपण तीच रीत उचलून तीन मजली गंजलेल्या सळ्यांच्या इमारतीला लावली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी आपण आपली माणसं टाकून जागा धरली. हे गाडीत बसल्या बसल्या मनात आलं आणि मला ते आवडलं नाही, पण खोटंही वाटलं नाही.

गेटवर गाडी लावून आत गेले. बाहेर कडक ऊन, जिन्यात गारवा आणि ओल्या सिमेंटचा वास. वास कुठून येतोय ते कळेना, कारण पाणी कुठेच दिसत नव्हतं. तळमजल्यावर दामले सरांचं दार सताड उघडं. दाराला आतल्या बाजूने वरवंटा लावलेला. समोरचं दार उघडं, तिथे लोखंडी खलबत्ता. पहिल्या मजल्यावर दोन्ही दारं उघडी. एका ठिकाणी पाट उभा अडकवलेला, दुसरीकडे जुनी इस्त्री. दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारालाही वरवंटा. आपण लहान असताना या जिन्यात प्रत्येक दाराला कडी, साखळी आणि वर सेफ्टी डोअर असायचं. दुपारची बेल वाजली तर आया आधी “कोण?” विचारायच्या, मग पुन्हा “कोण?” विचारायच्या.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. अंगावर बाहेर जायची साडी, खांद्याला पिन लावलेली. घरी आई गाऊनमध्ये असते.

“तू कशी आलीस?”

“गाडीने. कुठे निघालीस का?”

“मी कुठे जाणार?”

“मग साडी?”

“असू दे. सगळ्याच नेसतात आता.”

“दार उघडं का?”

“वारा येतो.”

वारा अजिबात नव्हता. मी तिच्यासमोर बसून भाजी निवडू लागले. आईकडून काही काढून घ्यायचं असलं की विचारायचं नाही, बरोबर काम करायचं. थोड्या वेळाने ती उठली, म्हणाली डोळ्यांत थेंब घालून येते, आणि आतल्या खोलीत गेली. तिच्यामागे दार आपोआप सरकलं आणि चौकटीत बसलं. बसताना लाकडाचा आवाज झाला नाही. दाताखाली खडा आल्यावर होतो तसा आवाज झाला.

“आई?”

आतून कडी हलली. दार हललं नाही. मी ढकललं, खांदा लावला. वरून चौकटीच्या कोपऱ्यातून बारीक रेती माझ्या मानेवर पडली.

“घाई करू नकोस,” आतून आई अगदी शांतपणे म्हणाली. “मधे ढकलून उपयोग नाही. खाली लाथ मार आणि त्याच वेळी वर डाव्या कोपऱ्यात ढकल. मी इकडून उचलते. हं, आता.”

आमची वेळ जमेना. आवाज ऐकून दामले सर वर आले. वय झालंय, पण जिना चढून आल्यावर त्यांनी धापसुद्धा टाकली नाही. “बाजूला हो,” मला म्हणाले, आणि खाली लाथ व वर तळवा असा एकदम मारला. दार उघडलं. प्लास्टरचा हातभर तुकडा सुटून उंबऱ्यावर पडला. आई पलीकडे उभी होती, डोळ्यांत थेंब घातलेले, एक डोळा मिटून.

“असं नेहमी होतं?” मी विचारलं.

“नेहमी नाही,” आई म्हणाली. “ऊन चढलं की.”

“म्हणून बाहेरची दारं लावत नाही आम्ही,” सर म्हणाले. “चोर काय नेणार आहेत? आत आले तर त्यांनाच धोका.” आणि हसले. आईही हसली.

हसताना तिच्या गळ्यातला काळा दोरा ब्लाउजच्या बाहेर आला. मी तो धरून ओढला. टोकाला प्लास्टिकची शिट्टी होती, नारिंगी रंगाची, पोरं खेळात वाजवतात तसली.

“हे काय?”

“दामल्यांनी दिली. सगळ्यांनाच दिलीय.”

“कशाला?”

आईने ती माझ्या हातातून काढून पुन्हा आत टाकली. “हाक मारायला दम पुरत नाही म्हणे.”

कशाखालून हाक मारायला, ते ती बोलली नाही. सरांनीही सांगितलं नाही. त्यांच्या सदऱ्याच्या गळ्याशीसुद्धा तसाच काळा दोरा दिसत होता. “ढेकूण होतात म्हणून पलंग उन्हात टाकावा, इतकं साधं आहे हे, वंदना,” ते म्हणाले. “तयारी असलेली बरी. फक्त वरच्या सावंतबाईंचं अवघड आहे. मी रोज सराव घेतो, पण त्यांची वाजतच नाही. निरांजन विझवल्यासारखी फुंकर मारतात नुसती.”

“पोरांना सांगितलंत?”

“कोणाला? परागला? तो दर रविवारी विचारतो, सगळं बरं आहे ना बाबा? मी म्हणतो, उत्तम. तिथे बसून तो काय करणार? झोप उडेल त्याची. पोरांना सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“आम्ही. तुमचा ठराव झाला, मग आमचाही एक झाला.”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी रडारड करत नाही आणि समजावत बसत नाही. आईला म्हटलं, “चल. आत्ता.”

“आणि ताबा?”

“जाऊ दे.”

“जाऊ दे म्हणायला काय जातं तुझं? तुझे बाबा ओव्हरटाइम करून करून...”

“बाबा असते तर तुला इथे ठेवून स्वतः दुसरीकडे झोपले असते का?”

 आईने दारामागची पिशवी काढली. भरलेलीच होती. आत टॉर्च, गोळ्या, एक साडी, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मी बॅग भरण्यात स्वतःला हुशार समजते. त्या पिशवीत काढण्यासारखं किंवा घालण्यासारखं मला काही सापडलं नाही.

“मग फोन कशाला केलास?” मी विचारलं. “सगळं तर घेतलंयस.”

“तू ओळखतेस का ते बघत होते,” आई म्हणाली, आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करायला गेली.

निघण्याआधी ती वर गेली. सावंतकाकू पलंगावर बसून होत्या, त्याही साडीत, पायात घरातच चपला. “चला माझ्याबरोबर,” आई म्हणाली. “वंदूकडे तीन खोल्या आहेत. दोघी भांडू.” काकूंना यायचं होतं, ते दिसत होतं. त्यांनी पिशवीचे बंद धरलेसुद्धा. मग सोडून दिले. “संदीप म्हणालाय, सह्या होईपर्यंत हलू नकोस. त्याला न विचारता कसं येऊ? तो रागावतो हो.” मी तिथूनच संदीपला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, नंतर करतो असा मेसेज आला. काकू म्हणाल्या, “बघ, कामात असतो तो.” त्यात कौतुकच होतं.

दामले सरांना मी विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली. “मी सेक्रेटरी आहे. शेवटचा निघेन.” खाली येऊन त्यांनी माझी गाडी गेटमधून मागे घ्यायला हातवारे केले. आईने काच खाली करून त्यांना सांगितलं, “सावंतबाईंकडे संध्याकाळी एकदा डोकवा. त्यांना जिना उतरायला वेळ लागतो.”

मी तिथून सरळ पालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेले. अडकलेल्या दाराचं, पडलेल्या प्लास्टरचं लेखी दिलं, पोच घेतली. साहेब पाहणीला येतील, असं टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आई गाडीत बसून होती, मांडीवर पिशवी. मडिकेरीचं बुकिंग मी तिथेच रस्त्याकडेला उभं राहून रद्द केलं. पुलावरून परत येताना आईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ठाण्याची हद्द लागल्यावर एवढंच म्हणाली, “आपल्या घरात आज दिवा लागणार नाही.”

 तेव्हापासून मी त्याचा विचार करते आहे. बाबांना गावचं घर म्हणजे दिवा लावायला माणूस, असं वाटायचं. मला वाटायचं, घर म्हणजे जे पाठीवर मावतं ते. दोन्ही मला आता पटत नाहीत. माणूस राहतो ते घर. माणूस ठेवावा लागतो ती नुसती जागा, आणि जागेसाठी किती थांबायचं हे बाहेर बसलेल्यांनी ठरवू नये. जे आत आहेत त्यांनी माझ्यावर खुशाल रागवावं. पोरांना न सांगण्याचा त्यांचा ठराव मी मोडते आहे, हे मला माहीत आहे.

रात्री आई माझ्याकडे साडीतच झोपली. मी तिच्यासाठी गाऊन काढून ठेवला होता, तिने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चहा करून दिला आणि फोन घेऊन बसले. पहिला संदीपला, कारण पुण्याहून तो दुपारपर्यंत पोचू शकत होता. “ताई, सह्या आता होतच आल्यात,” तो म्हणाला, “आईला जरा धीर द्या ना.” मी त्याला दारांचं सांगितलं, मग शिट्टीचं सांगितलं, आणि काकूंना ती वाजवता येत नाही हेही.  मग तिकडून गाडीची किल्ली शोधत तो बायकोला काहीतरी ओरडून सांगत होता ते ऐकू आलं.

दुसरा फोन परागला. जर्मनीत अजून उजाडलं नव्हतं. बराच वेळ रिंग वाजू दिली. शेवटी त्याने उचलला, झोपेतल्या आवाजात, घाबरून.

“वंदनाताई? सगळं बरं आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले.